बरोबरच्या चिन्हापुढे

मिरांदेलाच्या नगरपालिकेत, तळघरात,
दफनभूमीची जुनी वही झुल्मीरानं आठ महिने टंकली.
साधी टेक्स्ट फाइल. एका ओळीत एक माणूस.

मी स्क्रिप्ट लिहिली:
ओळ वाच, पाटी छाप, पुढची घे.
प्रिंटर घरघरला आणि बाहेर आल्या
मारिया. मारिया. मारिया.
जुझे. मारिया. एक अंतोनियु. पुन्हा मारिया.

चष्मा कपाळावर सारून झुल्मीरा म्हणाली,
"बाकीच्या बायका कुठं गेल्या, वाश्कु?
वीटभट्टीवरची मारिया दा ग्रासा?
तीन नवरे पुरलेली मारिया दुश प्राझेरेश?
माझी आई?"

लूपचा दोष नाही.
त्याला उपजत एवढंच ठाऊक:
स्पेस दिसली की तोडायचं,
पहिला तुकडा उचलायचा, उरलेलं तिथंच टाकायचं.
मोकळी जागा आली म्हणजे माणूस संपला,
असं त्याला वाटतं.
घाईत मलाही वाटलेलं आहे.

दुपारची कॉफी गार झाली तेव्हा सापडलं:
डेलिम्स, बरोबर,
आणि बरोबरच्या पुढे काहीच नाही.
अवतरणचिन्ह बंद.
कशावरच तोडू नकोस, हे सांगायला
काहीच लिहायचं नसतं.

मग आल्या सगळ्या, आडनावांसकट, अख्ख्या.
आईच्या नावाखाली चार स्पेस सोडून
टंकलेली पोरंही आली,
तेवढीच आत सरकलेली.

झुल्मीरानं पाट्या मोजल्या.
"सोळा कमी."

फाइलमध्ये सोळा ओळी कोऱ्या होत्या.
"कोऱ्या नव्हेत त्या," ती म्हणाली.
"जन्मली त्याच दिवशी गेली. बाप्तिस्मा नाही, नाव नाही.
पाद्र्यानं वहीत ओळ सोडली होती,
म्हणून मीही सोडली."

कोरी ओळ लूप वाचतच नाही.
डेलिम्सचं काहीही करा,
तो तिच्यावरून ढांग टाकून पुढं जातो.

शेवटी मी प्रत्येक ओळीआधी आकडा लावला,
त्याच्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबं.
आता कोरीतही अडखळायला काहीतरी होतं.
निघाली: दोनशे अकरा, दोन टिंबं.
पुढे पांढरा कागद.

"आकडे पुसू?" मी विचारलं.
उत्तर नाही. ती कात्री शोधत होती.
सोळा पाट्या तिनं स्वतः कापल्या,
टेबलावर आपापल्या आईखाली मांडल्या,
अंगठ्यानं अंतर मोजून,
जरा आत सारून.