लाल टोपी

मिरज जंक्शनवर आण्णांना एकदा अडवलेलं,
वरचं बटण उघडं म्हणून.
अजून लाल टोपी दिसली
की चहा अर्धा सोडून उठतात.

अन् मी फॉर्म भरलाय त्याच टोपीचा.

पगार बरा. चार वर्षं, पुढचं पुढं.
आरफळ कालव्याकडेनं सोळाशे मीटर
रोज पहाटे पळते;
पलूसची कुत्री आता भुंकत नाहीत.

पण खिसे तपासायचे ते आपल्याच पोरांचे.
रजेच्या तारखा, पास.
एखादा तासगावचा निघेल,
आई आजारी, दोन दिवस जास्त राहिलेला,
म्हणेल, "ताई, सोड की गं."
काय करू?

आण्णा माझ्या बुटांना नाड्या ओवत होते.
वर न बघता म्हणाले,
"त्यानं आधी पाणी दिलतं मला.
मग नाव लिहून घेतलं."