इतिवृत्तात न घेतलेले

सभा सात वाजून दहा मिनिटांनी सुरू झाली.
ती दहा मिनिटं कुठं गेली, ते मी लिहिलं नाही.
कॅन्ससमधल्या आमच्या काउंटीच्या जत्रेच्या मैदानावरचा पत्र्याचा हॉल,
शनिवारी इथं मेंढ्यांचं प्रदर्शन होतं, वास अजून आहे.
बत्तीस वर्षं आम्ही गोल बसत आलो.
या वेळी कुणीतरी खुर्च्यांच्या मधून वाट काढली
आणि माणसं, कुणी न सांगता,
वाटेच्या अलीकडे, पलीकडे.

प्रार्थना झाली.
"आमेन" दोनदा आलं,
एक डावीकडून, एक जरा उशिरानं उजवीकडून.
त्याला वहीत रकाना नाही.

ठराव : आमदार व्हर्लिन श्राग यांचा जाहीर निषेध.
कारण : शाळांसाठी कर वाढवायला त्यांनी
टोपीकाच्या विधानभवनात "हो" म्हटलं.
मांडणारा : कोल्टर रायमर, वय एकोणतीस.
लिहिलं नाही :
कोल्टरचा बाप गेला त्या जूनमध्ये
गहू उभा होता, गारांचा अंदाज होता,
आणि व्हर्लिननं स्वतःचं शेत तसंच ठेवून
रायमरांचं आधी कापलं.
यंत्राच्या केबिनमध्ये त्याच्या शेजारी
नऊ वर्षांचा कोल्टर झोपून गेला होता,
तोंडावर भुसा.

कोल्टर चांगला बोलतो, कागद न बघता.
म्हणाला, कुंपणाची एक तार सैल पडू दे,
गुरं बरोब्बर तीच शोधून काढतात.
म्हणाला, मला त्यांच्याबद्दल आदर आहे.
मग म्हणाला, "मवाळ",
बाजारात कलिंगडावर अंगठा दाबून
परत ठेवताना म्हणतात तसं.

व्हर्लिन उठला. गुडघा वाजला, तो सगळ्यांनी ऐकला.
"ती शाळा बंद झाली
तर बसला चाळीस मैलांचा फेरा आहे," तो म्हणाला.
"त्या फाट्यावर मी पहाटे जाऊन उभा राहिलो.
जानेवारीत. सव्वीस मिनिटं."
आणि बसला.
पुढं काहीतरी येईल म्हणून मी पेन टेकवून ठेवलं होतं.
कागदावर नुसता ठिपका पसरला.

"मग जा की त्यांच्या पक्षात!" मागून कुणीतरी.
लिहिलं नाही.
आवाज माझ्या जावेचा होता.

मतदान हात वर करून.
ठरावाच्या बाजूनं एकतीस. विरुद्ध तीस.
उपस्थित बासष्ट.

मी लिहीत होते.
उजवा हात कामात होता, असं म्हणता येईल.
डावा मांडीवर होता, रिकामा,
चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत, सोडत.
खरं सांगायचं तर मलाही तो कर नको होता.
आणि हा ठराव तर त्याहून नको होता.
दोन नकोंना मिळून एकच हात,
तो कुणाच्या नावानं वर करायचा
हे ठरेपर्यंत अध्यक्षबाईंनी मोजून टाकलं.

तटस्थ : एक.
नाव लिहायची आमच्याकडे पद्धत नाही.
ती पद्धत मीच पाडली, फार पूर्वी,
कुणाला संकोच नको म्हणून.

नऊ वाजून पाच मिनिटांनी सभा संपली.
कॉफी अर्धी उरली, आजवर कधी उरली नव्हती.
गाड्या एकामागून एक निघाल्या,
आणि लांब टेबलं तशीच राहिली.
ती एकट्याला उचलत नाहीत.
एका टोकाला व्हर्लिन, दुसऱ्या टोकाला कोल्टर,
कारण तिसरं कुणी उरलंच नव्हतं.

"तुझ्याकडून जरा खाली घे."
"घेतलंय."
"तिरकं कर. दार अरुंद आहे."
"माहितेय मला."

टेबल दारात अडकलं.
एक आत, एक बाहेर अंधारात,
दोघांनीही सोडलं नाही, ओढलंही नाही,
मैदानावरचा वारा मधून आत येत राहिला.

दिव्याच्या बटणावरचा हात काढून
मी वही पुन्हा उघडली.
ऐनवेळच्या विषयांपुढं
आधीच लिहून ठेवलं होतं : काही नाही.