बोट लागली की

मांडवीच्या कोपऱ्यावर माझं रिचार्जचं दुकान.
बोटी सुटायच्या आधी खलाशी कार्डं भरून नेतात,
सिनेमे, मालिका, असेल ते.
आत समुद्रात रेंज नाही.
आठ दिवसांनी परत येतात
सुरमई, बांगडा आणि मतं.

इनास म्हणतो, "आठ भाग कित्याक? दोनात झाला असता."
खुनी त्याने दुसऱ्याच रात्री ओळखला,
निवतीचा दिवा मागे पडेपर्यंत दम धरला,
मग सांगून टाकला.
दोघं जण अजून त्याच्याशी बोलत नाहीत.

नंदू तांडेलाला प्रेमाचा सिनेमा पटला नाही.
भर ओहोटीला त्यातली होडी खाडीत वर चढते,
वल्ह्याशिवाय.
पुढे नायिका मेली, तर हा मीठ मागत होता.

एका खेपेला चुकून कार्डात गेला
म्हाताऱ्या सनईवाल्यावरचा माहितीपट,
मीच अर्धा बघून सोडलेला.
पुंडलिक डायवरने तो तीनदा बघितला.
तीस वर्षं इंजिनाशेजारी,
कान कधीच गेलेले.

कसा वाटला, मी विचारलं. मोठ्याने, मग हातवारे करून.
काउंटरवर कोपर टेकून तो म्हणाला,
"सूर लावच्या आधी तो मान जरा खाली घेता,
जाळा ओढताना आमी घेतंव तशी.
आणि एकदा, बायकोचा नाव निघाला तेवा,
श्वास घेतल्यान, पण फुंकूक नाय.
सनई थयच बरी वाजली."

मग कार्ड पुढे सरकवलं.
"ह्या खेपेक मारामारीचो घाल."