ठोका

पांढऱ्या फळ्यावर पहिला चौकोन काढला, आत लिहिलं: ऑर्डर येते.
इरण्णा हुक्केरी म्हणाले, येते कुठली, आणावी लागते.
पहिला दिवस तेवढ्यावरच गेला.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मला बोलावलं होतं
काम कसं चालतं ते काढून द्यायला.
काम सगळ्यांना येत होतं.
कसं येतं, ते सांगताना जो तो शेजाऱ्याकडे बघायचा.

चौकोन म्हणजे काम, तिरका चौकोन म्हणजे निर्णय,
बाण म्हणजे पुढे कोण.
पॅटर्न शॉपचे फर्नांडिस बाणावर बोट ठेवून म्हणाले,
हा तिसऱ्या गेटात अडकला तर?
वाळूचा ट्रक रोज तिथंच अडकतो.
मी बाणावर एक छोटं घड्याळ काढलं.

रेघांचं नवल नाही आम्हाला.
आमच्या जन्माआधी कुणी कागदावर एक ओढली,
मावशी चंदगडात राहिली, आम्ही इकडे,
चकलीचा डबा रेघेला न विचारता जातो येतो.
इथं ड्रॉइंग इंग्रजीत, नोटीस कन्नडात, शिव्या मराठीत,
आणि भट्टी पेटली की सगळंच हातवाऱ्यांत.

तिसऱ्या आठवड्यात मालकांना समजावलं:
प्रत्येक विभाग म्हणजे एक खिडकी.
विचारा, उत्तर घ्या, आत डोकावू नका.
स्टोअर्सला विचारा, पिग आयर्न किती? आकडा येईल.
क्यूसीला विचारा, तुकडा पास? हो किंवा नाही.
आत कोण बसलंय, जेवलंय का,
याच्याशी विचारणाऱ्याला देणंघेणं नाही. हाच करार.
मालकांना फार आवडलं. गोकाकचं करदंट मागवलं.

चौकोन नंबर एकेचाळीस मात्र भरेना.
फेटलिंग आणि डिस्पॅच यांच्या मधोमध
मष्णू हलगेकर, पगारपत्रकावर हेल्पर.
प्रत्येक कास्टिंगला हातोडीनं एकदाच ठोकायचा,
मान तिरकी करायचा,
बरं असलं तर खडूची टिकली, नसलं तर काहीच नाही.
शबाना मुल्लाच्या मशीननं पास केलेले पाच
त्यानं बाजूला सारले होते.
कापून बघितले. चारांत पोकळी निघाली.
आणि पाचवा?
त्याच्यावर अजून दोघांचं बोलणं नाही.

"काय काढूलालाय बाई?"
"तुमचं काम."
"मग आवाज कुठनं काढणार?"

आवाज नाही काढला. चौकोन काढला.
आत येणार कास्टिंग, बाहेर येणार हो किंवा नाही.
मधल्या एकतीस वर्षांना चिन्ह सापडेना,
म्हणून कडेला त्याचा फोन नंबर लिहिला,
मग लाज वाटली, खोडला.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सिस्टिम सुरू झाली.
खोटं कशाला बोलू, चांगली चालली.
अर्ध्या दिवसाचा गेटपास नऊ मिनिटांवर आला,
सहीसाठी जिने चढणं सुटलं,
हुक्केरींचा गुडघा बरा झाला.
मष्णूला टॅब्लेट दिला.
हिरव्या बटणावर खडूच्या अंगठ्याचा डाग
रोज पुसायचा, रोज उमटायचा.

मार्चअखेर त्याला शाल, नारळ.

एक एप्रिलला हुबळीच्या ऑर्डरचे साठ तुकडे
एकेचाळीसपाशी जाऊन थांबले.
सिस्टिमचं काही चुकलं नव्हतं.
प्रश्न बरोबर विचारला होता, खिडकीही होती.
स्क्रीनवर एक गोल फिरत राहिला.

मी हातोडी उचलली. ठोकलं. लोखंड वाजलं.
मान तिरकी केली.
शबानानं विचारलं, काय म्हणालं?

खोडलेला नंबर फळ्यावर अजून वाचता येत होता.
नंदगडात रेंज नव्हती. तो म्हणाला,
"थांबा, बांधावर चढतो. फोन लोखंडाला लावा.
आता ठोका."

साठ वेळा ठोकलं.
मध्येच पलीकडे म्हैस हंबरली.
तो तुकडा आम्ही पुन्हा वाजवला.