एक मासा, जमा

जानेवारीच्या मध्यावर शेवटची बोट गेली,
बंदर गोठलं, पुलाचा भोंगा मुका झाला.
चौतीस वर्षं या डलूथच्या धक्क्यावर
मी लोहखनिजाचं वजन लिहिलं:
कुठल्या वाघिणीतून किती, कुठल्या बोटीत किती,
सांडलं किती, तेसुद्धा.
आता निवृत्त बाईने हिवाळ्याचं करायचं काय?

केलन कॉलेजला जाताना म्हणाला,
ऑने आत्या, माझे प्राणी तू घे,
नाहीतर पुसून टाकतो.
पुसून टाकतो म्हणे!
दोन हजार एकशे अठरा जीव,
सगळे एकाच ऑनलाइन गोठ्यात कोंबलेले.
पंखवाले कोल्हे, काचेची कासवं,
शिंगांवर बारमाही नाताळ पेटलेली रेनडिअर,
आणि सात डोळ्यांचं एक मांजर
जे थेट आमच्या मुकादमासारखं बघतं.

आधी रंगावार लावले. चार रात्री गेल्या.
निळ्या-हिरव्याच्या मधे एक बेडूक अडून बसला,
धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही.
मग दुर्मिळतेनुसार.
तर वर बसले बारा ड्रॅगन
आणि तळाला सोळाशे किरकोळ,
धक्क्यावर साहेब आणि आम्ही असायचो तसे.
तेही मोडलं.
शेवटी मला येतं तसं लावलं:
कोण कधी आलं, कुणाकडून, कशाच्या बदल्यात.

प्राण्यावर टिचकी मारली की खाली बारीक अक्षरांत
त्याचे आधीचे मालक दिसतात.
आणि पहिल्याने ठेवलेलं नाव
पुढे कुणालाच बदलता येत नाही.
हा नियम ज्याने केला
त्याला मी बसवून कॉफी पाजली असती.

असा सापडला केलनच्या आठवीतला मार्च.
एका आठवड्यात त्र्याहत्तर सौदे, सगळे तोट्याचे,
सगळे रात्री दोननंतर.
माझा भाऊ घर सोडून गेला तो हाच मार्च.
चांगलं चांगलं देऊन पोराने ससे घेतले होते.
नुसते ससे.
मी त्यांचा वेगळा फोल्डर केला. त्याला नाव दिलं नाही.

फेब्रुवारीत मॉसबटन नावाच्या कुणाचा निरोप आला.
तुमच्याकडे एक साळिंदर आहे, कस्टर्ड.
ते नाव मी ठेवलं होतं, नऊ वर्षांची असताना.
मग आमचा कॉम्प्युटर विकला,
पासवर्ड त्याच्याबरोबर गेला.
बदल्यात माझा चंद्रड्रॅगन घ्या.

बाजारभाव पाहिला.
साळिंदर: दोन नाणी.
चंद्रड्रॅगन: विचारू नका.
केलनला फोन केला. तो हसला, घे ना आत्या, लॉटरी लागली!
मग जरा थांबून,
नाहीतर असंच देऊन टाक तिला.

असंच?
माझ्या हातून चौतीस वर्षांत असंच काही गेलं नाही.
एका बाजूला लिहिलं की दुसऱ्या बाजूला लिहायचं,
नाहीतर रात्रभर रकाना उघडा राहतो,
थंडीत दार राहावं तसा.
मी तिला कळवलं: ड्रॅगन तुझा तुला.
दोन नाण्यांचं काहीही पाठव.

तिने मासा पाठवला. राखाडी, साधा,
एक कल्ला चित्रकाराने उलटा काढलेला.
नाव, सोमवार.

सौद्याच्या चौकटीत दोघं क्षणभर समोरासमोर,
साळिंदर आणि मासा,
एकमेकांना काय म्हणणार?
मग दोन्हीकडे हिरवी खूण.

वहीत (हो, वही आहेच) लिहिलं:
सोमवार, मासा, एक. जमा.
कस्टर्ड, साळिंदर, एक. रवाना,
आणि पुढे, समासात, कारण तसा रकानाच नव्हता:
घरी.

मार्च संपता संपता पहिली बोट आली.
त्याच रात्री केलनचा फोन.
परीक्षेचं बोलला, जेवणाचं बोलला,
ठेवता ठेवता म्हणाला,
आत्या, ते ससे… विकले का गं?

आहेत, म्हटलं.
त्र्याहत्तर. कालच मोजले.