शेवटचं अक्षर

वालेन्सियाहून मागणीचं पत्र आलं:
अडीचशे डझन टॉवेल, काठाला निळी पट्टी,
आणि सगळ्यात खाली नूरियाबाईंचा एक शब्द,
एस्पेरो.
वाट पाहते, असा अर्थ. आशा आहे, असाही.
'मी' त्यात कुठेच नाही,
तो शेवटच्या ओ मध्ये पाय दुमडून बसलाय.
आणि बाई असून ओ!
आपल्याकडे तो ओ पुरुषांचा.

शेठजींना सगळं इंग्रजीत लागतं.
तिथे आधी 'मी' रोवायचा,
एकटा, मोठ्या अक्षरात, मागाच्या खांबासारखा,
मग त्याला क्रियापद बांधायचं.

सात रस्त्याला, चष्म्याच्या दुकानावरच्या वर्गात
बिराजदार सर म्हणाले,
क्रियापदांच्या शेपट्या झिजल्या की सर्वनामं लागतातच.
फ्रेंच बघा. बोलणं या क्रियेची
लिहायला पाच रूपं, कानाला तीन.
ऐकू येईना, म्हणून कोण ते आधीच सांगून टाकतात.
पोरं वहीत उतरवून घेत होती.
मला विचारायचं होतं,
सर, तिकडे किती माग होते एका शेडमध्ये?

कारण साखर पेठेतल्या शेडमध्ये चोवीस होते
आणि नायना तिथे एकतीस वर्षं.
पुस्तकातल्या तेलुगूत 'वस्तानु',
त्यातला नु म्हणजे मी.
आमच्या घरी तो नु कधीच गळालेला, नुसतं 'वस्ता',
आणि शेडमध्ये तेवढंही पोचायचं नाही,
धोटा मध्येच घेऊन जायचा.
म्हणून आधी छातीवर बोट,
मग तोंड उघडायचं.
चहाला मी. पाळीला तू. बॉबिन त्याच्याकडे.
सगळी सर्वनामं तर्जनीत.

नायना अजून तसेच बोलतात,
घरात, जेवताना,
माग भंगारात जाऊन सहा वर्षं झाली तरी.
भात हवा असला की आधी छातीवर बोट.
कानात यंत्र घालत नाहीत. म्हणतात, खडखडतं.

मराठीला मात्र कुठल्या खणात ठेवू?
शेपटी आहे, धडधाकट आहे,
बाई आहे एवढं चोख सांगते,
मी की ती, ते सांगत नाही.
शिवाय निघतानाही म्हणायचं, येते.

सिव्हिलमध्ये, अम्माच्या तिसऱ्या रात्री,
शेजारची महादेवी डबा देऊन उठली,
दारातून म्हणाली, येते.
नायनांनी ओठ वाचले.
बाकावरून उठले, धोतर झटकलं,
अम्माची चादर घडी करून पिशवीत भरली,
चपला तिच्या खाटेखाली जोडून ठेवल्या
आणि आतल्या दाराकडे बघत राहिले.
मी त्यांना काय सांगायला हवं होतं?
व्याकरण?

एक मात्र आहे.
आमच्या तेलुगूत बाईला आणि वस्तूला शेवट एकच.
नडुस्तदि: ती चालते. नडुस्तदि: माग चालतो.
लहानपणी याचा राग यायचा,
दिवसाला हजार विड्या वळणारी बाई
आणि पट्ट्यावर फिरणारं लोखंड
एकाच दावणीला.
अम्मा म्हणायची, बरंय की,
लोखंडाला तरी कुणीतरी तेल घालतं.

आज साडेसातला लाइट गेली.
पत्र अर्धं पडद्यावर, पडदा काळा.
नायना अंधारात भिंतीला टेकून.
यावेळी छातीवर बोट नाही.
म्हणाले, वस्तदि.
येईल. लाइट.
किंवा.

काडेपेटी शोधताना
नमुन्याच्या टॉवेलावर हात पडला.
निळी पट्टी दोन दोरे वाकडी गेलीय,
बोटाला लागते.
नूरियाबाईंना सांगायला हवं.

उद्या कळवते.