कान नसलेला रेडिओ

दारव्ह्याच्या लिलावात साडेअकराशेला मिळालं हे धूड.
काळा पत्रा, मागे तीन भोकं, समोर काहीच नाही.
खुंटी नाही, काटा नाही, दिवा एक, तोही बारका.
पंजाब म्हणाला, याचा कान कुठून पिळता बापा?
मी म्हटलं, कान कॉम्प्युटरात आहे.
त्याने माझ्याकडे तसं पाहिलं
जसं मी जनावरांच्या दवाखान्यात पाहतो
म्हशीचे दिवस न मोजणाऱ्या मालकाकडे.

तीन रात्री तर पोर्टच सापडेना.
चौकट उघडायची, लाल अक्षरात सांगायची:
यंत्र जोडलेले नाही.
अगं जोडलंय की, वायर तुझ्याच पाठीत खुपसलीय.
कॉम एक. कॉम दोन. कॉम तीन.
चौथ्याला पेटीच्या आत कट्ट झालं,
पोटावर हात ठेवल्यावर
रेडकू आतून खूर मारतं, तेवढंच.

पडद्यावर खुंटी आहे, चित्रातली,
सावली देऊन गोल केलेली.
ती माऊसने फिरवणं म्हणजे
बैलाच्या फोटोला कडबा टाकणं.
मी सरळ आकडे दाबतो.
पाच आठ पाच, एंटर: नागपूर, बाजारभाव, तूर.
तेरा शून्य पाच, एंटर: परभणी.
मधलं गाव लागत नाही एकही.

पण धबधबा आहे.
त्या खिडकीला धबधबाच म्हणतात.
निळ्या काळोखात पिवळ्या धारा, वरून खाली,
आणि आत्ता ऐकलं ते खाली,
आणखी खाली, मग पडद्याबाहेर.
रात्री बाराला थ्री-फेज आली
की अडाणकाठच्या सगळ्या मोटारी एकदम चालू
आणि धबधबा गढूळ.
तेव्हा चहा करायचा.

झटका मशीनचं मात्र काही करता येत नाही.
रोही-डुकरांसाठी तारेत सोडलेला झटका
माझ्या पेटीत टक् करून पडतो,
पडद्यावर आडवी पांढरी रेघ.
ठमक्यांचं मशीन घड्याळासारखं.
बेबीताई ढोकचं लंगडं:
दोन ठोके चांगले, तिसरा दमलेला.
बॅटरी बदला म्हणून दोनदा सांगून झालं.
सॉफ्टवेअरात एक चौकोन आहे,
टिक केली की ठोके पुसले जातात.
मी करायचो टिक, कधी कधी.
पहाटेकडे एका जहाजावरचा माणूस हवामान सांगतो,
अगदी बारीक आवाजात. त्याच्यासाठी.

परवा त्याच्याच जागेवर थांबलो होतो,
टिक करायची राहिली होती.
अडीचला लंगडा ठोका बंद पडला.
ठमक्यांचा चालू.
आवाज वाढवला, गाळणी रुंद केली,
उगाच शंभर वर गेलो, शंभर खाली आलो.
नाही.
फोन लावला.
"कोन सांगतलं तुमाले?" ती ओरडलीच.
"म्हैस अडली. तारेपाशीच लोळून रायली,
मीच बंद केलं मशीन.
या लवकर, पाय दिसून रायला,
एकच."

दोरी, गोडं तेल, टॉर्च. हातमोजे संपलेले.
कॉम्प्युटर बंद करायचा राहिला.

सकाळी तशाच कपड्यांत खुर्चीत बसलो.
रात्र साठवून ठेवली होती त्याने.
धबधबा मागे ओढत नेला:
अडीच ते चार दहा, नुसत्या ठमक्यांच्या रेघा.
जहाजवाला येऊन, बोलून गेलेला,
एक पिवळा दोरा, मध्येच तुटलेला.
चार दहाला लंगड्या रेघा पुन्हा सुरू.
दोन ठळक, एक फिकी.

म्हणजे तेव्हा बेबीताई बटण दाबत होती
आणि मी तिच्या मागे गवताला हात पुसत होतो,
कोपरापर्यंत.
वगार उभी राहू पाहत होती.
तिसऱ्यांदा पडली होती बहुतेक.